कसाला उतरलेला टाळू

टाळूला भोक असलेलं पोर कुठल्याही घरात जन्माला यावं, पण फुंकणीच्या घरात येऊ नये. शेतकऱ्याच्या घरी आलो असतो तर बैलांनी माझं बोलणं समजून घेतलं असतं. कचेरीत चिकटलो असतो तरी चाललं असतं, तिथं कोण कुणाचं ऐकून घेतंय? पण मी जन्मलो हुपरीत, चांदीकामाच्या घरात. तिथं सगळा संसार माणसाच्या तोंडातल्या वाऱ्यावर चालायचा, आणि माझा वारा नाकातनं जायचा.

फुंकणी म्हणजे काय ते आधी सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. पैंजणाच्या कड्या जोडायच्या तर डाख लावावा लागतो. डाख म्हणजे लवकर वितळणाऱ्या चांदीचा चुरा. तो टाकणखाराबरोबर सांध्यावर ठेवायचा, समोर दिव्याची जाड वात पेटलेली असते, आणि वाकड्या टोकाच्या पितळी नळीतून फुंकून त्या वातीची ज्योत सुईसारखी करायची आणि सांध्यावर धरायची. ती मध्येच तुटली तर डाख वाहत नाही, त्याची गोळी होते. म्हणून कसबी माणूस गाल फुगवून ठेवतो. गालातली हवा नळीत जात असते तेवढ्यात नाकानं नवा श्वास आत घेतो. बघणाऱ्याला वाटतं, हा माणूस श्वासच घेत नाही. माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो, फुंकणी तोंडातनं न काढता नुसत्या भुवईनं आईकडं चहा मागायचे, आणि आईला तो बिनसाखरेचा हवाय हेही त्या भुवईवरनंच कळायचं.

मी फुंकायला बसलो की नळीतला वारा ज्योतीला पुढं ढकलायचा आणि नाकातला तिला वरनं दाबायचा. ज्योतीला कळायचं नाही, कुणाचं ऐकायचं. ती बिचारी मग आप्पांच्या धोतराकडं वळायची.

माझा ओठही फाटका होता. पण तो मी अंगावर पीत असतानाच, म्हणजे पिता येत नसतानाच, कोल्हापुरात शिवून आणला होता. माझ्या अशा जन्माचं कारण गल्लीतल्या बायकांनी आधीच ठरवून ठेवलेलं. आईनं पोटुशी असताना ग्रहणात कातरीनं चांदीची तार कापली. आई सांगायची, त्या अख्ख्या नऊ महिन्यांत आपल्याकडं ग्रहण दिसलंच नव्हतं. तिनं पंचांग आणवून बायकांपुढं धरलं. त्या म्हणाल्या, मग पंचांगच चुकलं असंल.

ओठ शिवल्यावर घर निवांत झालं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की आत टाळूही उघडा आहे, पोरगं बोलायला लागायच्या आधी परत आणा. पण बाहेरनं पोर देखणं झालेलं. आमच्या धंद्यात दागिन्याला बाहेरनं उजाळा दिला की काम संपतं, आतला सांधा कोण उलटून बघतंय? परत कुणी नेलंच नाही. पुढं मिशी आली तीही त्या टाक्यापाशी येऊन थांबली. दोन गावांच्या शिवेवर असते तशी मधे एक मोकळी पट्टी. न्हावी दर वेळी विचारायचा, हिकडची धरू का तिकडची?

ओठाचं एक बरं असतं, तो दिसतो. टाळू दिसत नाही, नुसता ऐकू येतो, आणि आमच्या घरात ऐकायला कुणाला सवड नव्हती. मी ‘प’ म्हणायला गेलो की ‘म’ निघायचा. ‘क’ आणि ‘ट’ तर घशातच कुठंतरी घसरून पडायचे. घराचा धंदा पैंजणाचा आणि घरच्या एकुलत्या एका मुलाला पैंजण म्हणता येईना.

एकदा पाहुण्यांबरोबर नृसिंहवाडीला गेलतो. दर्शन झाल्यावर पंगत बसली, पंगतीत बासुंदी. आईनं मला बजावलेलं, मान मागं टाकून लहान लहान घोट घ्यायचे आणि कुणाशी बोलायचं नाही. बोललो नाही. पण समोरचे पाहुणे काहीतरी गमतीचं सांगत होते आणि मी हसलो. बासुंदी दोन्ही नाकपुड्यांतनं बाहेर आली, चारोळीसकट. त्यानंतर ते पाहुणे आमच्याकडं जेवायला आले की माझ्या समोरची जागा सोडून बसायचे.

मिसरूड फुटायच्या वयात मी एक शोध लावला. चांदीच्या तारेचा चाप करून नाकाला लावला, म्हणजे वारा सगळा नळीतच जाणार. गेलाही. पण मग श्वास आत यायची वाट बंद. दोन-चार फुंकरा झाल्या की तोंड काढून मी तळ्याबाहेर काढलेल्या माशासारखा आ करायचो, तेवढ्यात ज्योत तुटायची. एके दिवशी हट्टाला पेटलो आणि तोंड काढलंच नाही. डोळ्यांपुढं अंधारी आली आणि आप्पांच्या मांडीवर आडवा झालो, नाकाला चाप तसाच. शुद्धीवर आलो तर आप्पा सांधा डोळ्याजवळ धरून बघत होते. मग माझ्याकडं बघून म्हणाले, डाख काय बसला न्हाय.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण आप्पांना धाप लागायला लागली. जन्मभर धूर आणि ॲसिडची वाफ छातीत घेतलेली. पहिल्यांदा जिना चढताना, मग बोलताना, आणि मग फुंकताना. घरात फुंकणारे ते एकटेच. आई आणि माझी थोरली बहीण कड्या वळायच्या, घुंगरं ओवायच्या. बाहेरचा कारागीर बसवावा तर तो आपलं गिऱ्हाईक ओळखून घेतो आणि वर्ष फिरायच्या आत पलीकडच्या गल्लीत स्वतःची शेगडी मांडतो, ही गावची रीतच होती. म्हणजे आमच्या घरातला दिवा पेटता राहणार की नाही, हा प्रश्न फिरून फिरून माझ्या टाळूच्या भोकापाशी येऊन थांबायचा.

सत्तर सालाच्या अलीकडं कुणीतरी बातमी आणली, की कोल्हापुरात एका ट्रस्टच्या दवाखान्यात बाहेरगावचे एक सर्जन महिन्यातनं एकदा येतात आणि मोठ्या वयातही टाळू शिवतात. आप्पा मला एसटीनं घेऊन गेले. डॉक्टर वयस्कर, मऊ बोलणारे. त्यांनी माझ्या तोंडात बॅटरी मारून बराच वेळ बघितलं आणि इतका उशीर का केला म्हणून विचारलं. बोलण्याच्या सवयी आता पक्क्या झाल्यात म्हणाले.

आप्पा म्हणाले, “बोलायचं ऱ्हाऊ द्या सायेब. त्येला फुंकाय आलं पायजे.”

डॉक्टरांनी माझ्याकडं नाराजीनं बघितलं आणि ह्या वयात बिडी चांगली नाही, असं शांतपणे समजावून सांगितलं. आप्पांनी मान हलवून ‘व्हय व्हय’ केलं. इतक्या मोठ्या माणसाला त्याची चूक कशी दाखवायची? म्हणून मी बिडीबाज ठरलो, आणि आम्ही फुंकणीची माणसं आहोत हे त्या डॉक्टरांना शेवटपर्यंत कळलं नाही.

ऑपरेशन झालं. टाळूच्या दोन्ही बाजूंची कातडी सोडवून मधे आणून शिवली होती. चार दिवस तोंडात रक्ताची चव आणि घशात कुणीतरी कानस चालवल्यासारखं. चमच्यानं पातळ तेवढंच द्यायचं. पण एका सकाळी आईनं वाटीत दूध आणलं, मी घोट घेतला, आणि ते खाली गेलं. नाकाकडं फिरकलंच नाही. आईनं वाटी परत भरली आणि माझ्या नाकाकडं बघत बसली. ती तिसऱ्यांदा वाटी भरायला लागली तेव्हा सिस्टरनं तिला आवरलं.

शेजारच्या खाटेवर पेठ वडगावकडची एक दहाएक वर्षांची पोरगी होती, तिचाही टाळूच. तिच्याबरोबर तिचा बाप. शेती, दोन म्हशी आणि आवाज असा की वॉर्डातल्या गुंगीतल्या माणसानं उठून बसावं. तो सगळ्यांना ‘पावणं’ म्हणायचा, सिस्टरलासुद्धा. त्याची पोरगी शाळेत हजेरीला उभी राहत नव्हती. नाव सांगायला लागू नये म्हणून ती मास्तर आले की बाकाखाली पाटी शोधायची. “लेकीला आपलं नाव सांगता आलं की माझं काम झालं,” असं तो रोज कुणाला ना कुणाला ऐकवायचा.

घरी सोडताना डॉक्टरांनी दोन्ही घरांना एकत्रच सांगितलं. “टाळू शिवलाय, पण तो मागं घशाला टेकतो का ते आज कळायचं नाही. पाच-सहा महिन्यांनी या. नाकाखाली थंड आरसा धरून मेणबत्ती फुंकायला लावीन. आरशावर वाफ आली तर घशातनं एक पट्टी उचलून टाळूला जोडावी लागेल.”

डॉक्टर हे अगदी सरळ मराठीत बोलले. पण आप्पांनी ते चांदीच्या भाषेत ऐकलं. स्टँडवर बसची वाट बघताना त्यांनी आईला अर्थ सांगितला, “कसाला लावणार म्हणतोय. उतरलं तर माल, न्हाय उतरलं तर परत मुशीत.”

झालं. चांदी कसाला उतरली नाही तर ती मुशीत घालून पुन्हा वितळवतात. म्हणजे मला पुन्हा वितळवणार होते. आमच्या गल्लीत कुणाचा माल परत आला तर तो माणूस आठवडाभर खाली बघून चालायचा, आणि आप्पांचा माल कधी परत आलेला नव्हता. मलाही ती रक्ताची चव पुन्हा नको होती. आरशावर वाफ येऊ द्यायची नाही, एवढं घरात एकमतानं ठरलं. टाळू बरा झालाय का, हे कुणी कुणाला विचारलंच नाही.

ते पाच-सहा महिने आप्पांनी माझी जी तयारी करून घेतली तशी पैलवानाचीही कुणी घेत नसेल. युक्ती फुंकणीचीच होती, फक्त अर्धी. “पोटातली हवा हलवूच नगं,” असं सांगून ते मला जिभेचं बूड वर दाबून धरायला लावायचे. नाकाची वाट अशी जिभेनंच बुजवायची, गालात मावेल तेवढी हवा भरायची आणि ती पिचकारीसारखी सोडायची. आक्का म्हणजे बहीण माझ्या नाकाखाली चांदीच्या डब्याचं उजळलेलं झाकण धरायची. ते ओल्या फडक्यात ठेवून गार करायची जबाबदारी आईची. समोर मेणबत्ती. फूः केलं की मेणबत्ती गुल आणि झाकण लख्ख. गल्लीतले लोक चहाच्या वेळेला बघायला यायचे. काहींनी मेणबत्ती लांब न्यायच्या पैजाही लावल्या. एक म्हातारा रोज येऊन झाकण चष्म्याजवळ धरून तपासायचा आणि ‘शंभर नंबरी’ असं जाहीर करायचा.

ठरल्या दिवशी आम्ही निघालो तेव्हा आईनं माझ्या हातावर दही ठेवलं, परीक्षेला जाताना ठेवतात तसं.

डॉक्टरांनी नाकाखाली आरसा धरला. मी फुंकलं. मेणबत्ती विझली. त्यांनी आरसा उजेडाकडं धरला आणि त्यांचं तोंड असं उजळलं की मला स्वतःचाच अभिमान वाटला. पुन्हा म्हणाले. पुन्हा विझली. दोन शिकाऊ डॉक्टरांना हाक मारून बोलावलं आणि त्यांच्यासमोर पुन्हा. तिसऱ्या खेपेला तर मी हद्दच केली. हातानं खूण करून मेणबत्ती आणखी लांब न्यायला लावली. ती तिथंही विझली. आप्पा भिंतीला टेकून उभे होते, लग्नात वरबाप उभा असतो तसे.

मग डॉक्टर म्हणाले, आता काहीतरी बोल. मी गावाचं, घराचं सांगितलं. माझ्या नाकातनं नेहमीसारखाच चढावर रडणाऱ्या एसटीचा आवाज निघाला. डॉक्टरांनी आरसा पुन्हा हातात घेऊन उलटापालटा केला. आरशावर काही नव्हतं.

“हवा तर धरतोय,” ते म्हणाले. “मग ही जुनी सवय आहे. ऑपरेशनचं काम संपलं. आता रोज तासभर मोठ्यानं वाचत जा.”

माझ्यानंतर ती वडगावची पोरगी. तिनं फुंकलं आणि आरसा हिवाळ्यातल्या खिडकीसारखा पांढरा झाला. ती रडायलाच लागली. डॉक्टर तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, हिला पट्टी लागेल, पुढच्या खेपेला घेऊ. तिचा बाप पहिल्यांदाच गप्प दिसला.

जिन्यात आप्पांना त्याची दया आली. त्यांनी त्याला बाजूला घेतलं आणि आपली युक्ती मोकळ्या मनानं सांगितली. महिनाभर पोरीला हुपरीला धाडा म्हणाले, आमच्या घरी ऱ्हाईल, शिकवून धाडतो. त्या माणसानं सगळं ऐकून घेतलं.

“न्हाय पावणं,” तो म्हणाला. “पोरगी फुकाय न्हाय आणली मी. बोलाय आणलीया.”

आप्पा बसमध्ये हुपरी येईपर्यंत सांगत होते, की माणूस चांगला आहे पण अडाणी आहे.

त्या संध्याकाळी गल्लीत पेढे वाटले. म्हाताऱ्यानं दोन घेतले. दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पांनी आपली गादी झटकली, मला आपल्या जागेवर बसवलं, वात पेटवली आणि सांध्यावर डाख ठेवून फुंकणी माझ्या हातात दिली. आई आणि आक्का हातातलं काम ठेवून बघत राहिल्या.

गालातली हवा मी सोडली. ज्योत सुईसारखी झाली, सांध्यापर्यंत गेली, आणि संपली. गालात मावते तेवढीच. पुन्हा गाल भरले, पुन्हा तेच. डाख नुसता काळवंडला. मग पोटातनं फुंकलं. तो वारा टाळूमागनं चढून नाकातनं निघून गेला, ऑपरेशनच्या आधी जायचा त्यापेक्षा थोडा कमी, पण गेलाच. ज्योत माझ्याकडं बघत उभी राहिली.

आप्पांनी विचारलं, “काल काय फुकलास मग?”

“गालातलं.”

“आन आज?”

“आज पोटातलं लागतंय, आप्पा.”

हे मी माझ्या नाकातल्या बोलीत म्हणालो, पण त्यांना कळलं. कस आम्हीच खोटा लावला होता, हे त्यांच्या ध्यानात आलेलं मी त्यांच्या हातांवरनं ओळखलं. ते उगीचच चिमटे सारखे करून ठेवत होते.

लगेच परत जायला हवं होतं. पण आप्पा म्हणायचे, कुठल्या तोंडानं सांगायचं? आणि मी म्हणायचो, माझ्या तर नकोच. अशात पावसाळा गेला. दिवाळीची कामं आली. शेवटी एकदा हिय्या करून गेलो तर ते वयस्कर सर्जन यायचे बंद झालेले, प्रवास झेपेना म्हणून. तिथं त्या दोन शिकाऊंपैकी एक जण भेटला. त्यानं मला लांबूनच ओळखलं.

“तुम्ही ते मेणबत्तीवाले ना?” तो म्हणाला. “सर जाईपर्यंत तुमचंच उदाहरण सांगत होते.”

वर त्या पोरानं माझ्याशी हात मिळवला. आम्ही त्याचे आभार मानून खाली आलो. दोघांत मिळून एक वाक्य बोलायचं होतं. ते आप्पांच्याकडनं धापेमुळं निघालं नाही आणि माझ्याकडनं टाळूमुळं, असं मी पुढं कित्येक वर्षं सांगायचो. खरं म्हणजे एवढं कौतुक मोडायचं दोघांच्याही जिवावर आलं.

मोठ्यानं वाचायचं मात्र मी इमानानं केलं. रोज सकाळी पायरीवर बसून पेपर. पहिल्या दिवशी निधनाच्या बातम्यांनी सुरुवात केली, कारण त्या लहान असतात. शेजारची बाई धावत आली आणि आईला विचारलं, घरात कोण गेलं का, पोरगं असं का रडतंय? मग मी बाजारभावावर आलो. गूळ, हळद, मिरची. आठवड्यानं गल्लीतल्या पोरांना ते माझ्या चालीत पाठ झालं आणि ती शाळेला जाताना एका सुरात नाकातनं गुळाचे भाव म्हणत जायची. महिना गेला, वर्ष गेलं. त्या पोरांचं नाकातलं बोलणं माझ्यापेक्षा सुधारलं. माझं जिथं होतं तिथंच राहिलं. सवय मोडायला आधी वाट बंद असावी लागते, ती उघडी असताना तोंडानं कितीही गुळाचे भाव म्हटले तरी वारा आपल्या ओळखीच्या दारानंच जायचा.

आप्पा त्या धापेवरच आणखी दहा-बारा वर्षं ओढत राहिले. फुंकायला उपयोग नाही म्हणून त्यांनी मला विकायला घातलं, म्हणजे माल घेऊन कोल्हापूरला गुजरीत, सराफांच्या पेठेत. ज्याला बोलता येत नाही त्याला भाव करायला पाठवायचं, ही आमच्या घराची अक्कल. दुकानदार मला बहिरा समजायचे. मी तोंड उघडलं की ते जोरजोरानं ओरडून, हातवारे करून उत्तर द्यायचे. दोघांनी तर मी मुका आहे असं पक्कं धरलं आणि माझ्यादेखत माझ्याच मालाचा खरा भाव एकमेकांना सांगायला लागले. धंद्यात माझ्या टाळूनं करून दिलेला तेवढा एकच फायदा.

असाच एकदा एका दुकानात माल उलगडून बसलो असताना मागनं आवाज आला आणि दुकानातली काचेची कपाटं थरारली. वडगावचा तो माणूस. केस पिकलेले, आवाज तसाच. नातवाला वाळे घ्यायला आलता. त्यानं मला मिशीवरनं ओळखलं. मी काही विचारायच्या आत त्यानं लेकीचं सगळं सांगून टाकलं. पट्टी जोडली. लई त्रास झाला. रात्री घोरायची ती अजून घोरतेच, नवरा बाहेर सोप्यात झोपतो. काही अक्षरं अजून जड जातात. पण बोलते. सासूचा निरोप येतो, की हिला जरा गप्प बसवून जावा.

“आन तुमचं पावणं?” तो म्हणाला. “फुकताय न्हवं झकास?”

“व्हय,” मी म्हणालो.

हा शब्द मला अगदी स्वच्छ येतो. त्यात कुठं अडण्यासारखं अक्षरच नाही. त्यानं आनंदानं माझ्या पाठीवर थाप मारली आणि आमच्याच मालातले वाळे निवडून घेतले.

त्याच आठवड्यात मी कोल्हापुरातल्या एका तरुण डॉक्टरकडं गेलो. ह्या वेळी एकटाच. त्यानं आरसा काढलाच नाही. मला एक वाक्य म्हणायला लावलं, मग माझं नाक चिमटीत धरून तेच वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. दोन्ही वेळा कान देऊन ऐकलं, आणि पहिला आरसा कुणी धरला होता ते विचारलं. मी मेणबत्तीची सगळी हकीकत सांगितली. तो आधी मनापासून हसला. मेणबत्ती लांब न्यायला लावली, तिथं तर त्यानं टेबलाला हात टेकला. मग हसणं आपोआप थांबलं.

“टाळू आखूड आहे,” तो म्हणाला. “तेव्हाच पट्टी जोडायला पाहिजे होती. आता जोडली तर हवा थोडी थांबेल. बोलणं सुधारेल असं मी तुम्हाला सांगणार नाही.”

मी फुंकणीचं विचारलं. ज्योत न तोडता धरता येईल का? त्याला फुंकणी म्हणजे काय ते मला दाखवून सांगावं लागलं, पेन तोंडात धरून आणि गाल फुगवून. त्यानं खांदे उडवले नाहीत की धीर दिला नाही. माहीत नाही, एवढंच म्हणाला. एका माणसाला माझ्याबद्दल काही माहीत नाही, आणि तो तसं कबूल करतोय, हे मला त्या दिवशी फार बरं वाटलं. पण त्याचा उपयोग काही नव्हता. ऑपरेशन करून महिना-दीड महिना आडवं पडायचं, तर तेवढे दिवस आप्पा तग धरणार नाहीत हे मला माहीत होतं.

आप्पा तेव्हा भिंतीला उशी लावून बसूनच झोपायचे. काम बंदच होतं. त्यात गल्लीतल्या एका बाईनं नातीच्या बारशासाठी पैंजणांचा जोड सांगितला, आणि त्यांनी तिला नाही म्हटलं नाही. आईनं आणि आक्कानं कड्या वळून दिल्या. एका पायाचं झालं, कसंबसं. दुसऱ्याचा शेवटचा सांधा राहिला.

सकाळची वेळ. आप्पांनी वात पेटवली, डाख ठेवला, फुंकणी तोंडात धरली. दोन फुंकरांत ज्योत सांध्यापर्यंत पोचली, आणि त्यांना असा खोकला आला की आई पाणी घेऊन धावली. ते थांबले, पुन्हा फुंकलं, पुन्हा खोकला. मग त्यांनी नळी धोतराला पुसून माझ्याकडं दिली. मी डाव्या हातानं नाक घट्ट धरलं आणि उजव्या हातानं फुंकणी. आप्पांनी सांधा चिमट्यात धरून माझ्या ज्योतीखाली आणला. मला श्वास लागला की ते चिमटा मागं घ्यायचे, मी पुन्हा फुंकलं की पुढं करायचे. वाट बघायची त्यांची तयारी होती. डाखाची वाट बघायची तयारी नव्हती. त्याची काळी गोळी झाली आणि ती टपकन राखेत पडली.

आप्पांनी तो सांधा साफ करून, नवा डाख कागदात बांधून, सगळं माझ्या हातात दिलं.

“शेजारी ने,” ते म्हणाले. “येवढा सांधा लाव म्हणावं.”

आप्पांच्या हयातीत आमच्या घरचा सांधा दुसऱ्याच्या दिव्यावर कधी गेला नव्हता. मी गेलो. शेजाऱ्यानं मला काही म्हणावं लागू दिलं नाही. हातातलं घेतलं, बघितलं आणि आपलं काम बाजूला सारलं. तो माझ्याच वयाचा. गाल भरून नाकानं सावकाश श्वास घेत त्यानं ज्योत धरली, ती हलली नाही, आणि डाख पाण्यासारखा सांध्यातनं पळाला.

मी जोड घरी आणला. आप्पांनी सांध्यावरनं नख फिरवलं, ताणून बघितला आणि चांगला बसलाय म्हणाले. मग आईला दिवा काढून ठेवायला सांगितला. आईनं त्यातलं उरलेलं तेल स्वयंपाकघरातल्या बुधल्यात ओतलं, वात पिळून चुलीत टाकली, आणि ती जागा सारवून घेतली.